शाळेत न गेलेले शिक्षक : गाडगेबाबा

अमरावती विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा स्वतः कधी शाळेत गेले नव्हते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे गुरे राखण्यात गेले. सावकारी कर्जाने मामाचे घर कसे बुडाले, हे त्यांनी जवळून पाहिले.

म्हणूनच त्यांच्या कीर्तनात शिक्षण हा घरखर्चाचा विषय होता. वऱ्हाडी बोलीत ते लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवाला बकरे कापू नका. जेवायला ताट नसले तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे त्यांचे सांगणे असे.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले.

आजही आपल्या वस्त्यांत लग्नासाठी कर्ज निघते, पण मुलीच्या कॉलेजसाठी हात आखडतो. येत्या भीमजयंतीला डीजेची वर्गणी ठरवण्याआधी, वस्तीतल्या किती मुलांची फी थकली आहे, एवढे तरी विचारूया.