इमारतींची सुगम्यता-तपासणी : फाटकापासून मेजापर्यंत

सार्वजनिक इमारतीची पाहणी करून दिव्यांग व्यक्तींसाठी तेथे कोणत्या सोयी आहेत हे कळविण्याचे काम अनेकदा ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे, शाळेच्या मुख्याध्यापकाकडे अथवा कनिष्ठ अभियंत्याकडे येते. पत्रकात ‘रॅम्प आहे काय?’ असा रकाना असतो, त्यापुढे ‘होय’ असे लिहिले जाते आणि पाहणी संपते. परंतु रॅम्प असणे आणि त्यावरून चाकांच्या खुर्चीतील मनुष्यास स्वतःच्या बळावर वर जाता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तपासणी व्हावयाची ती दुसऱ्या गोष्टीची.

यामागील कायदा प्रथम पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. सुगम्यतेच्या नियमांना धरून नसलेल्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देऊ नये, आणि ते नियम पाळल्याखेरीज पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे या कायद्याचे कलम ४४ सांगते. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. कायद्याच्या भंगाबद्दल कलम ८९ अन्वये पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेला निर्णयही लक्षात घ्यावयास हवा. कायदा बंधनकारक भाषा वापरतो, परंतु नियम १५ मात्र निव्वळ शिफारशीच्या स्वरूपाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर विसंबतो, ही विसंगती न्यायालयाने दाखवून दिली. त्या नियमाचा पहिला पोटनियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक मानके निराळी काढून तीन महिन्यांत नियमबद्ध करण्यास केंद्र सरकारला सांगितले. या प्रकरणात न्यायालयास साहाय्य म्हणून प्रत्यक्ष स्थितीचा अहवाल हैदराबाद येथील नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राने सादर केला होता.

आता मोजमापाकडे वळू. रॅम्पचा चढ १ : १२ पेक्षा अधिक तीव्र असू नये. म्हणजे एक हात उंची चढावयाची तर बारा हात लांबी हवी. गावच्या शाळेला किंवा पंचायतघराला साधारणतः १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतात. जोत्याची उंची झाली ४५ सेंटिमीटर. तेथे ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागेल. शिवाय वर व खाली खुर्ची थांबविण्यास व वळविण्यास दीड-दीड मीटरची सपाट जागा धरली, तर एकूण ८.४ मीटर होतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओतलेला असतो. त्याचा चढ १ : ४.४ इतका भरतो. मोटारसायकल व्हरांड्यात चढविण्यास तो उत्तम आहे. खुर्ची मात्र त्यावरून मागे उलटण्याचाच संभव अधिक. अंगण अपुरे असल्यास रॅम्प मध्येच वळवून परत आणता येतो. मात्र वळणावर दीड मीटरचा सपाट चौक सोडलाच पाहिजे.

हे मोजण्यास महागडे उपकरण लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ फळी रॅम्पवर चढाच्या दिशेने ठेवावी आणि तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून खालचे टोक फळी समतल होईपर्यंत उचलावे. त्या टोकाखाली ८.३ सेंटिमीटरपेक्षा अधिक अंतर पडले, तर चढ ठरल्यापेक्षा तीव्र आहे असे समजावे. ही कसोटी एकाच जागी न घेता तळाशी, मध्यभागी व माथ्याशी अशी तीन ठिकाणी घ्यावी. कारण खाली लांबी संपत आली की कारागीर उरलेली उंची शेवटच्या हातभर अंतरात जिरवितो. रुंदी निदान १.२ मीटर असावी, दोन्ही बाजूंस धरावयास कठडे असावेत आणि उघड्या कडेला चाक घसरू नये म्हणून उंचवटा असावा. गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात आणखी एक पाहणी आवश्यक ठरते. उन्हाळ्यात निर्दोष वाटणारा रॅम्प आषाढात शेवाळ धरतो, आणि गुळगुळीत फरशी लावलेली असेल तर तो सर्वांनाच धोक्याचा होतो. यास्तव एक पाहणी भर पावसात करावी. ती कामाच्या दिवशी व्हावी, हेही महत्त्वाचे. सुटीच्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशी लावलेल्या दुचाक्या दिसत नाहीत.

रॅम्प हा वाटेचा केवळ एक टप्पा आहे. तपासणाऱ्याने फाटकातून निघावे आणि जेथे काम होते त्या मेजापर्यंत जावे. फाटकाजवळील गटारावरच्या जाळीच्या फटींत खुर्चीचे पुढील लहान चाक अडकते काय? दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर भरते काय? जुन्या इमारतींत दुपाखी दारे असतात व त्यांतील एक पाखे कायम अडसराने बंद असते. चौकट मोजली तर रुंदी पुरेशी भरते, वाट मोजली तर निम्मी. उंबरठाही दीड-दोन इंच उंच असू शकतो. पुढे टेबलाची उंची, खुर्चीतील माणसास गुडघे आत घेता येतील अशी मोकळी जागा, पाण्याचा नळ, विजेचे बटण, हे सर्व पाहावे. दिव्यांगांसाठी राखलेले शौचालय स्वतः उघडून पाहिले पाहिजे. त्याला बहुधा कुलूप असते, आणि किल्ली सापडली की आत जुन्या फायली व झाडू आढळतात. आत खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, कमोडच्या बाजूंस आधाराचे दांडे आणि बाहेर उघडणारे दार असणे जरूर आहे. दार आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसास बाहेर काढणे अवघड होते.

चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांखेरीज इतरांचाही विचार व्हावयास हवा. जिना सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतर तीस सेंटिमीटरवर उठावदार ठिपक्यांची फरशी असली की अंध व्यक्तीस पायांनी सूचना मिळते. मंददृष्टी असणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला ठळक निराळ्या रंगाची पट्टी पुरते, व तिला खर्च जवळजवळ नाहीच. कर्णबधिर माणसाचे नाव कितीही मोठ्याने पुकारले तरी व्यर्थ. त्याला क्रमांकाचा फलक हवा.

‘आम्ही त्यांना उचलून आत आणतो’ किंवा ‘साहेब स्वतः खाली येऊन सही घेतात’ असे उत्तर अनेक ठिकाणी मिळते. यातील सद्भाव मान्य केला तरी ही सोय नव्हे. पहिलीतील मूल शिक्षक उचलून वर्गात नेऊ शकतात. तेच मूल सातवीत गेले की उचलणाऱ्यालाही जड होते व उचलले जाणाऱ्यालाही लाज वाटते. मुलगी असेल तर शाळा सुटण्यास तेवढे कारण पुरेसे होते. तीच शाळा निवडणुकीत मतदान केंद्र होते, आणि सर्व मतदान केंद्रे सुगम्य असावीत असे कलम ११ सांगते. मतदानापुरता लाकडी रॅम्प टाकून तो दुसऱ्या दिवशी उचलला गेला, तर मुलांच्या वाट्याला पुन्हा पायऱ्याच राहतात.

म्हणून पाहणी करणाऱ्यांत गावातील दिव्यांग व्यक्तींचा समावेश असावा: शक्य तर एक खुर्ची वापरणारी, एक अंध व एक कर्णबधिर. अभियंत्याने रिकामी खुर्ची ढकलून पाहणे किंवा डोळ्यांस पट्टी बांधून चालणे त्याची जागा घेऊ शकत नाही. अहवालात ‘होय’ अथवा ‘नाही’ न लिहिता मोजलेले माप, मोजल्याचा दिनांक आणि दुरुस्ती कोणी, केव्हापर्यंत करावयाची हे लिहावे. अहवालावर त्या दिव्यांग व्यक्तींच्याही सह्या अथवा अंगठे घ्यावेत. नव्या इमारतीबाबत मात्र पहिली तपासणी आराखड्याच्या कागदावरच झाली पाहिजे. जोते किती उंच घ्यावयाचे हे तेव्हा ठरते, आणि जोते एकदा भरून झाले की पुढील प्रत्येक सेंटिमीटरसाठी अंगणातील बारा सेंटिमीटर द्यावे लागतात.