काळ्या वाळूचा सीमाशुल्क क्रमांक कसा ठरतो?

खनिजाच्या ढिगाऱ्यात धातू किती टक्के आहे यावर कराचा आकडा बदलतो, ही गोष्ट गोव्याला नवी नाही. निर्यातीच्या लोहखनिजातील लोहाचे प्रमाण ओल्या वजनावर काढायचे की कोरड्या, हा येथील निर्यातदारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्रीय मंडळाला ओल्या वजनाचा आधार धरण्याविषयी परिपत्रक काढावे लागले. टायटॅनियमच्या धातुकाची आयात करताना मात्र प्रश्न निराळा असतो. तेथे टक्केवारीपेक्षा त्या मालावर आधी कोणती प्रक्रिया झाली, याला अधिक महत्त्व आहे.

टायटॅनियम निसर्गात मुख्यतः दोन खनिजांतून मिळते. इल्मेनाइट हे लोह, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे काळे संयुग आहे. शुद्ध इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ५३ टक्के असते. रुटाइल हे जवळजवळ निव्वळ टायटॅनियम डायऑक्साइड असून त्यात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. केरळातील चवरा, तमिळनाडूतील मणवाळकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळू यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिसणारी काळी वाळूही इल्मेनाइटयुक्तच आहे.

जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंगत नामावलीत टायटॅनियमची धातुके आणि त्यांचे सांद्रित रूप २६१४ या शीर्षकाखाली येतात. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतीय दरपत्रकात प्रक्रिया न केलेल्या इल्मेनाइटला २६१४ ००१०, तर उन्नत इल्मेनाइटला २६१४ ००२० हा क्रमांक आहे. दळलेले इल्मेनाइट या दुसऱ्या ओळीत मोडते. रुटाइल वाळू २६१४ ००३१ मध्ये आणि इतर रुटाइल २६१४ ००३९ मध्ये जाते.

एकाच किनाऱ्यावरची वाळू वेगळी केली की तिचे घटक निरनिराळ्या शीर्षकांत विखुरतात, ही बाबही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. झिरकॉन २६१५ मध्ये, थोरियमयुक्त मोनाझाइट २६१२ मध्ये, गार्नेट २५१३ मध्ये, तर सिलिमनाइट २५०८ मध्ये जाते. म्हणूनच बीजकावर केवळ ‘खनिज वाळू’ असे लिहून भागत नाही.

‘धातुक’ कशाला म्हणावे, हे २६व्या प्रकरणाच्या दुसऱ्या टिपेत सांगितले आहे. धातू काढण्यासाठी धातुउद्योगात प्रत्यक्ष वापरली जाणारी खनिजे ती धातुके. आयात केलेला विशिष्ट माल धातू काढण्यासाठी वापरला जाणार नसला, तरी त्याचे वर्गीकरण बदलत नाही. टायटॅनियमच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची ठरते, कारण जगातील टायटॅनियम खनिजांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल धातूसाठी नव्हे, तर रंग, कागद व प्लास्टिक यांना शुभ्रता देणाऱ्या पांढऱ्या रंगद्रव्यासाठी खर्च होतो. वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडवर रुटाइलचा लेप चढवणाऱ्या छोट्या कारखानदाराचा मालही याच कारणाने २६१४ मध्येच राहतो.

त्याच टिपेत एक मर्यादाही घातली आहे. धातुउद्योगात सर्वसाधारणपणे न केल्या जाणाऱ्या प्रक्रियेतून गेलेली खनिजे या शीर्षकातून बाहेर पडतात. नामावलीच्या अधिकृत स्पष्टीकरणानुसार दळणे, चाळणे, चुंबकाने किंवा गुरुत्वाच्या साह्याने वेगळे करणे, तरंगवणे, वाळवणे अशा क्रिया चालतात. नको असलेले द्रव्य रसायनाने विरघळवून काढणेही चालते. मात्र भाजण्याच्या प्रक्रियेतून होणारे बदल वगळता, ज्या मूळ संयुगातून धातू मिळवायचा त्याची रासायनिक घडण बदलता कामा नये. ती बदलली, तर माल बहुधा रसायनांच्या २८व्या प्रकरणात जातो.

खरी अडचण कृत्रिम रुटाइलपाशी उभी राहते. इल्मेनाइट भट्टीत तापवून व नंतर आम्लात धुऊन त्यातील लोह काढून टाकले, की नव्वद टक्क्यांहून अधिक टायटॅनियम डायऑक्साइड असलेला माल हाती येतो. नको असलेले लोह तेवढे काढले, म्हणून हे सांद्रित धातुकच, असा एक युक्तिवाद करता येतो. लोह हा मूळ संयुगाचाच भाग होता, तो गेल्यावर संयुग आणि स्फटिकरचना दोन्ही बदलली, म्हणून माल २८२३ मधील टायटॅनियम ऑक्साइड ठरतो, असा दुसरा. अमेरिकेने आपल्या दरपत्रकात कृत्रिम रुटाइलसाठी २६१४ खालीच स्वतंत्र ओळ ठेवली आहे. मात्र एका देशाची अशी उपविभागणी दुसऱ्या देशातील अधिकाऱ्याला बांधून ठेवत नाही.

इतर रूपांविषयी एवढा संदेह नाही. विद्युत भट्टीत इल्मेनाइट वितळवून लोह वेगळे केल्यावर उरणारी टायटॅनियमची मळी २६२० मध्ये जाते. तयार रंगद्रव्य ३२०६ मध्ये, तर टायटॅनियम धातू ८१०८ मध्ये येतो.

क्रमांकातील दोन अंकांच्या फरकाने किती अंतर पडते, हे निर्यातीच्या उदाहरणावरून कळते. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात प्रक्रिया न केलेल्या इल्मेनाइटवर १० टक्के आणि उन्नत इल्मेनाइटवर ५ टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले. २०१५-१६ मध्ये उन्नत प्रकारावरील दर २.५ टक्क्यांवर आला. शीर्षक एकच, आणि शुल्कात चौपट अंतर. आयातीतही धातुक, रसायन आणि रंगद्रव्य यांचे दर स्वतंत्रपणे ठरतात. शिवाय २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत टायटॅनियमचा समावेश असल्याने या नोंदींकडे पूर्वीपेक्षा बारकाईने पाहिले जाते.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या १७व्या कलमानुसार शुल्काची आकारणी प्रथम आयातदारानेच करायची असते. बिल ऑफ एन्ट्रीत चुकीचा क्रमांक पडला आणि त्यामुळे शुल्क कमी भरले गेले, तर दोन वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिल्याचा किंवा ती दडवल्याचा ठपका असेल, तर ही मुदत पाच वर्षांची होते. तो ठपका सिद्ध झाल्यास व्याजाखेरीज शुल्काएवढा दंडही बसू शकतो. लहान कारखान्यासाठी तो माल केव्हाच वापरून, विकून संपलेला असतो. वाढीव शुल्क ग्राहकाकडून वसूल करण्याची संधी उरलेली नसते.

यावर उपाय कायद्यातच आहेत. माल येण्यापूर्वी मुंबई किंवा दिल्ली येथील सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करून वर्गीकरण निश्चित करून घेता येते. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही, तर तो निर्णय तीन वर्षे टिकतो. माल बंदरात पोहोचल्यानंतर शंका उद्भवली, तर १८व्या कलमाखाली तात्पुरती आकारणी मागता येते. नमुन्याचा प्रयोगशाळेतील अहवाल आल्यावर ती अंतिम होते.

तथापि प्रयोगशाळेचा अहवाल मालात काय आहे ते सांगतो. तो माल कोणत्या वाटेने तसा झाला, हे त्यातून नेहमीच उलगडत नाही. ९२ टक्के हा आकडा निसर्गानेही घडवलेला असू शकतो आणि आम्लानेही. त्यामुळे पुरवठादाराकडून रासायनिक पृथक्करणाबरोबर प्रक्रियेचे लेखी वर्णन करार करतानाच मागून घेणे हिताचे. पुढे नोटीस आली, तर आयातदाराच्या बाजूने बोलणारा पहिला कागद तोच असतो.