होडीच्या यंत्रातील अडकलेला स्क्रू

ठाण्याच्या खाडीत व उल्हास नदीत डोंबिवली-कल्याणकडे भरतीचे खारे पाणी शिरते. त्यामुळे होडीच्या आउटबोर्ड यंत्राचे ॲल्युमिनियमचे कवच पोलादी स्क्रूभोवती झिजते आणि पांढरा थर आट्यांत घट्ट बसतो. असा स्क्रू बळाने फिरविल्यास तुटतो व होडी किनाऱ्यावर पडून राहते. म्हणून प्रथम गंज सोडविणारे पातळ तेल घालून रात्रभर ठेवावे. नंतर खाचेत नीट बसणारा पेचकस लावून त्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. तरीही न सुटल्यास कवचावर उकळते पाणी ओतावे; ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने पकड सैल होते. पेट्रोलजवळ ज्योत मुळीच नेऊ नये. स्क्रू पुन्हा बसविताना आट्यांना ग्रीस अवश्य लावावे.