भाषेच्या तासाचे नियम: कोणासाठी आणि कशासाठी?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत रेंज गेली, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा लिहून देतेय. बोलताना जशी सांगितली तशीच भाषा ठेवली आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नगरमध्ये, आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. मागच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी काहींनी विचारलं, "मॅडम, स्पॅनिशचा क्लास लावायचाय. पहिल्याच दिवशी नियमांचा भलामोठा कागद दिलाय. इतके नियम कशाला?" दुसऱ्या बाजूला शाळेतली मुलं विचारतात, "इंग्रजीच्या तासाला वेगळे नियम का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी एक गोष्ट. २०२५ मध्ये आपल्या राज्यात पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? एप्रिलमध्ये निघालेला आणि जूनमध्ये सुधारून काढलेला, असे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले. कोणती भाषा शिकवायची, यावर सगळे बोलतात. ती भाषा शिकवताना त्या चाळीस मिनिटांत वर्गात काय होतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. आणि भाषा येते की नाही, ते तर तिथेच ठरतं.

पहिला नियम: इथे गप्प बसायचं नाही

बाकीच्या तासांना "शांत बसा" हा नियम असतो. भाषेच्या तासाला तो उलटा हवा. का, ते हिशोबानेच बघू. समजा वर्गात ६० मुलं आहेत आणि तास ४० मिनिटांचा आहे. शिक्षकांनी स्वतः एक शब्दही न बोलता प्रत्येकाला पाळीपाळीने उभं केलं, तरी एकेकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. आणि शिक्षक तर बोलणारच! म्हणजे खरं तर बऱ्याच मुलांच्या वाट्याला आठवड्यात एक वाक्यही येत नाही.

आता तेच जोड्या लावून करा. ३० जोड्या, दहा मिनिटं. प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला मिळतात. वर्गात बाजार भरल्यासारखा आवाज होतो, शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात, पण पाच मिनिटं ती पाच मिनिटंच. म्हणून कोणत्याही चांगल्या भाषेच्या वर्गात "जोडीदाराशी त्याच भाषेत बोला" हा नियम असतो. तो टाइमपास नाही.

भाषा आधी तोंडात आणि मग कागदावर, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं परंपरा मानते. मराठीचा एवढा मोठा ग्रंथ आधी कोणीतरी बोललंय!

दुसरा नियम: चुकायला परवानगी, हसायला नाही

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. एखादी मुलगी उभी राहते, "शी डोन्ट नो" म्हणते. व्याकरण चुकलं, पण अर्थ पोचला. ही चूक दुरुस्त व्हायला एक मिनिट लागतं. पण मागच्या बाकावरून खिक्कन हसू आलं, तर ती मुलगी वर्षभर पुन्हा उभी राहत नाही. गणितात चुकलं तर वहीत चुकतं, कोणाला दिसत नाही. भाषेत चुकलं तर सगळ्यांच्या कानावर पडतं. म्हणून इथे हसण्याबद्दलचा नियम कडक पाहिजे. आणि तो शिक्षकांनाही लागू पाहिजे. "एवढं पण येत नाही?" हे वाक्यसुद्धा हसण्यासारखंच आहे.

गावाकडचा उच्चार, घरातली बोली, हे चुकीत मोजायचं नाही. उलट कधी कधी आपली मराठी कामाला येते. स्पॅनिशवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. इंग्रजीत "आय लाइक कॉफी", म्हणजे मी काहीतरी करतो. स्पॅनिशमध्ये म्हणतात "मे गुस्ता एल काफे", म्हणजे कॉफी मला आवडते. अगदी आपल्या मराठीसारखी रचना! स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखे, दाताला जीभ लावून. तू आणि तुम्ही हा फरक त्यांच्याकडेही आहे, मित्राला "तू" आणि मोठ्यांना "उस्तेद". विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, चांगला-चांगली तसं बुएनो-बुएना. म्हणजे मराठी माध्यमात शिकलो म्हणून मागे पडलो असं समजणाऱ्या मुलाला स्पॅनिशच्या या गोष्टी सोप्या जातील.

तिसरा नियम: गृहपाठ स्वतःचा, ट्रान्सलेटरचा नाही

अपेक्षा म्हटलं की आपल्याला आधी "अपेक्षित" प्रश्नसंच आठवतो, नाही का? निबंध पाठ, पत्र पाठ, आणि हल्ली मोबाइलवर भाषांतर. मराठीत लिहा, बटण दाबा, इंग्रजी तयार. मग शिक्षक का चिडतात?

एक उदाहरण घ्या. आपण म्हणतो "मला भूक लागली", म्हणजे भूक माझ्याकडे आली. इंग्रजीत "आय ॲम हंग्री", म्हणजे मी भुकेला आहे. स्पॅनिशमध्ये "तेंगो आंब्रे", म्हणजे माझ्याजवळ भूक आहे. भूक एकच, पण तिन्ही भाषा ती वेगळ्या रीतीने सांगतात. हा फरक डोक्यात बसणं म्हणजेच भाषा शिकणं. बटण दाबलं की वाक्य बरोबर येतं, पण तो फरक तुमच्यापर्यंत येतच नाही. वही सुंदर दिसते आणि तोंडी परीक्षेला तोंड उघडत नाही.

मी मुलांना एवढंच सांगते. आधी स्वतः लिहा, मोडकंतोडकं का असेना. मग ट्रान्सलेटरला विचारा. दोन्ही शेजारी ठेवा आणि कुठे फरक पडला त्याखाली रेघ मारा. गृहपाठ म्हणजे ती रेघ. आणि मोबाइल वर्गात चालेल का? शाळेचा जो नियम असेल तो पाळायचा. घरी मात्र तोच मोबाइल वहीपेक्षा उपयोगी. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्या वेळी स्वतःचाच आवाज ऐकवत नाही, चौथ्या वेळी चूक ऐकू येते.

चौथा नियम: गुण कशाचे, ते आधी माहीत पाहिजे

दहावीला भाषेच्या पेपरला ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, म्हणजे शाळेतच होणारं अंतर्गत मूल्यमापन. या २० गुणांची एक गोष्ट आहे. २०१९ च्या परीक्षेला ते काढून टाकले आणि लेखी पेपर १०० गुणांचा केला. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडता येत नाही. पण ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

गुण परत आले, पण त्याबरोबर वर्गात बोलणं आलं का? अनेक ठिकाणी तोंडी परीक्षा म्हणजे नाव, गाव, आवडता छंद. चार पाठ केलेली वाक्यं म्हटली की झालं.

आता स्पॅनिशची डेले परीक्षा बघा. ही स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही संस्था घेते. तिचं आपल्या देशातलं केंद्र नवी दिल्लीत आहे. पहिल्या पातळीला, म्हणजे ए-वनला, चार भाग असतात: वाचन, लेखन, श्रवण, संभाषण. प्रत्येकी २५ गुण. वाचन-लेखनाचा एक गट ५० चा, श्रवण-संभाषणाचा दुसरा गट ५० चा. पास व्हायला दोन्ही गटांत प्रत्येकी किमान ३० गुण लागतात. वाचन-लेखनात ५० पैकी ५० मिळवले आणि श्रवण-संभाषणात २९ पडले, तर नापास! ११ ते १७ वयोगटासाठी या परीक्षेचा वेगळा शालेय प्रकारही आहे. म्हणून त्या क्लासच्या कागदावर "बोलणं सक्तीचं" असं लिहिलेलं असतं. परीक्षेने जे मागितलं, तेच वर्गात होतं.

पाचवा नियम: हजेरी, आणि इथे खरी अडचण

दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला मंडळाच्या नियमाने ७५ टक्के हजेरी लागते. भाषेला तर रोज थोडं लागतं. रविवारी सहा तास बसून आठवड्याचं बोलणं भरून निघत नाही.

पण आपल्या जिल्ह्याचं चित्र बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. काही राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तर काही आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या कारखान्यांच्या फडावर. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. आणि दहावीची लेखी परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. समजा वर्षात शाळेचे २०० दिवस भरले, तर ७५ टक्के म्हणजे १५० दिवस. पाच महिने कोपीवर राहणारं पोर हे कुठून भरणार? त्याला "तू बेशिस्त आहेस" म्हणणं हा अन्याय आहे. आणि "असू दे, चालतं" म्हणून सोडून देणं, हा त्याहून मोठा अन्याय. कारण मग ते पोर पुढच्या वर्षी कोयता घेऊनच दिसतं.

म्हणून तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे असेल, किंवा तुमच्या बाकावरच्या मित्राच्या घरी असेल, तर तीन गोष्टी ऐका. एक, जायच्या आधी वर्गशिक्षकांना सांगा. गुपचूप नाव गळण्यापेक्षा सांगून गेलेलं बरं. आठवीपर्यंतची भावंडं असतील तर त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड मागा, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. दोन, मागे राहण्याची सोय शोधा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, लहानांसाठी काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात. मुख्याध्यापकांकडे चौकशी करा, आणि ती जूनमध्येच करा, दिवाळीत नाही. तीन, भाषा तुटू देऊ नका. विज्ञानाचा प्रयोग फडावर होत नाही, पण एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज होतो. मित्राने रोज धड्यातली पाच वाक्यं बोलून पाठवायची, तुम्ही रात्री तुमची पाच पाठवायची. यामुळे हजेरीपत्रकात "उ" लागत नाही, हे खरं. पण परत आल्यावर वर्गात बसल्यासारखं वाटतं, परक्यासारखं नाही.

आणि आमचे नियम?

कागदावर नेहमी विद्यार्थ्यांनी काय करायचं तेच असतं. दुसरी बाजूही लिहायला हवी. शिक्षकाने वेळेवर यायचं. तासाचा निम्मा वेळ तरी मुलांना बोलू द्यायचं. वही तपासताना लाल रेघोट्यांनी पान भरवायचं नाही, एका वेळी एक-दोन चुका धरायच्या. तोंडी परीक्षेचे गुण कशाचे, ते आधी सांगायचे: उच्चाराचे किती, आशयाचे किती, प्रश्न समजण्याचे किती. आणि जो दोन महिन्यांनी परत आला, त्याला आल्या दिवशी उभं करून प्रश्न विचारायचे नाहीत.

हे तुम्ही विचारू शकता. उद्धटपणे नाही, नीट. "मॅडम, वीस गुण कशावर आहेत?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. पैसे भरून स्पॅनिशचा क्लास लावणार असाल तर आधीच विचारा: एका वर्गात किती मुलं, प्रत्येकाला बोलायला किती वेळ, एखादा तास बुडाला तर काय? पहिली दोन उत्तरं ऐकून एकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात, ते मघाच्या हिशोबाने काढा. फी त्यानंतर भरा.

या आठवड्याचं काम सोपं आहे. तुमच्या भाषेच्या तासाला, कोणतीही भाषा असो, तुम्ही स्वतः किती वेळ बोललात ते पाच दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. सेकंदात लिहा, मिनिटं भरणार नाहीत! पुढच्या एपिसोडमध्ये तोंडी परीक्षेची तयारी जोडीने कशी करायची ते बघू. तोपर्यंत बोलत राहा. भेटू!