तळहाताचा घाम मोजायचा कसा?

इथे इंग्लंडमध्ये नोव्हेंबर उजाडला की सगळे हातमोजे शोधायला लागतात. मी टिश्यू पेपर शोधतो. बाहेर चार डिग्री असलं तरी माझे तळहात ओले. कीबोर्डवर ओल उमटते, फोन बोटाचा ठसा ओळखत नाही. शाळेत असताना हाताखाली रुमाल ठेवून पेपर लिहायचो. घरी याला एकच नाव होतं, 'उष्णता'. मग सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, गुलकंद झाला. शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं, "घाबरट आहे हो तो!"

डॉक्टरी भाषेत याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. शरीर थंड ठेवायला लागतो त्यापेक्षा जास्त घाम येणं. तळहातावर घामाच्या ग्रंथी दाट असतात. त्या ठणठणीत असतात, पण त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसा जरा जास्तच उत्साही असतात. ताणाने घाम वाढतो हे खरं, पण सुरू व्हायला ताण लागतोच असं नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २.८ टक्के लोकांना शरीराच्या कुठल्या ना कुठल्या भागावर अशा अति घामाचा त्रास असल्याचं दिसलं होतं.

इथल्या जीपीकडे (म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर) गेलो तेव्हा वाटलं होतं, हाताला एखादं यंत्र लावतील, आकडा येईल, विषय संपेल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आकडा दिसला की बरं वाटतं. पण आले ते प्रश्न. दुसरं काही कारण नसताना सहा महिने तरी हा घाम येतोय का, हे आधी विचारलं. मग दोन्ही हातांना सारखाच येतो का? आठवड्यातून एकदा तरी येतो का? पंचविशीच्या आत सुरू झाला का? घरात आणखी कुणाला आहे का? रोजच्या कामात अडतं का? झोपेत थांबतो का? यातल्या निदान दोन प्रश्नांना 'हो' आलं, की त्रास मूळचाच आहे, दुसऱ्या दुखण्यातून आलेला नाही, असं धरतात.

झोपेचा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण फार कामाचा आहे. मूळचा त्रास असला तर झोपेत हात कोरडे पडतात. याउलट रात्री अंगभर घाम येऊन कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल, छातीत धडधडत असेल, तर थायरॉईड, साखर, क्षयरोग किंवा चालू असलेली औषधं यांच्याकडे बघावं लागतं. तिथे 'घामच तर आहे' म्हणून थांबू नये.

मोजण्याच्या पद्धतीही आहेत. हाताला आयोडीनचं द्रावण लावून ते वाळू देतात आणि वर स्टार्चची पूड भुरभुरवतात. जिथे घाम येतो तिथे काळं-जांभळं होतं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला प्रयोगच की हा! यातून घाम कुठे येतो ते कळतं, किती येतो ते नाही. त्यासाठी दुसरी पद्धत. गाळणकागद बारीक काट्यावर तोलायचा, ठरावीक मिनिटं तळहातावर ठेवायचा, पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे घाम, मिनिटाला इतके मिलिग्रॅम. हे संशोधनात जास्त चालतं, दवाखान्यात क्वचित. कारणही पटण्यासारखं आहे. घाम म्हणजे मधूनच येणारा बग. दाखवायला गेलं की गायब, नाहीतर नेमका दुप्पट. खोलीचं तापमान बदललं तरी आकडा बदलतो. एकदाच मोजून काय कळणार?

म्हणून तीव्रता ठरवायला चार पायऱ्यांची पट्टी वापरतात. घाम जाणवत नाही, कामात येत नाही, ही पहिली. सोसतो पण कधीकधी आड येतो, ही दुसरी. जेमतेम सोसतो आणि वारंवार अडवतो, ही तिसरी. अजिबात सोसत नाही आणि कायम अडवतो, ही चौथी. तिसरी आणि चौथी म्हणजे तीव्र. जोडीला १९९४ मध्ये कार्डिफला तयार झालेली दहा प्रश्नांची यादी असते. त्वचेच्या त्रासामुळे गेल्या आठवड्यात जगण्यात काय काय अडलं, याचे ० ते ३० गुण.

हे सगळं एवढ्यासाठी, की उपाय या पट्टीवर ठरतो. ॲल्युमिनियम क्लोराईडचं लोशन, पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह, बोटॉक्सची इंजेक्शनं आणि शेवटी छातीतली नस तोडण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर हात कोरडे होतात, पण अनेकांचा घाम पाठ-पोटावर सरकतो आणि तोडलेली नस परत जोडून मिळत नाही. दुसऱ्या पायरीवरच्या माणसाने तिकडे धाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा भाचा नाशिकला सातवीत आहे. वह्या ओल्या करतो म्हणून त्याला बोलणी बसायची. ताईला फोनवर हे सगळे प्रश्न सांगितले, आणि स्किनच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी उत्तरं लिहून ठेव म्हटलं. घरात आणखी कुणाला, याचं उत्तर तिला माहीतच होतं. झोपेच्या प्रश्नासाठी ती रात्री एक वाजता उठली आणि त्याचा तळहात हातात घेऊन पाहिला. सकाळी मला मेसेज आला, "कोरडा ठणठणीत आहे रे. आणि किती मऊ आहे."