बंदोबस्तात अडकलेली सहल

दिवाळीच्या सुटीत घरच्या सर्वांना घेऊन मुंबईला जाण्याचा बेत तुम्ही आखता, तेव्हा कशाकशाचा विचार करता? गाडीचे आरक्षण, उतरण्याचे ठिकाण, मुलांना दाखवायची स्थळे, वाटेत खायच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्या दिवशी शहरात कोण पाहुणे येणार आहेत, हे मात्र आपण सहसा पाहत नाही. २०१० साली आम्हीही पाहिले नव्हते.

खरे तर नंदुरबार जिल्ह्याला त्या वर्षी बंदोबस्ताची ओळख नुकतीच झाली होती. २९ सप्टेंबर रोजी आमच्या जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत आधार योजनेचा प्रारंभ झाला. त्या बंदोबस्ताच्या गोष्टी पुढे कित्येक दिवस आमच्याकडे चवीने सांगितल्या जात होत्या. बंदोबस्त म्हणजे लांबून पाहायची एक मौज, एवढीच आमची समजूत.

पाच आठवड्यांनी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ६ नोव्हेंबरला, आम्ही मुंबईत होतो. सुरतेला गाडी बदलून आदल्या दिवशी पोहोचलो होतो. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा मुंबईत उतरले. त्यांचा मुक्काम ताजमहाल हॉटेलात होता; दोनच वर्षांपूर्वी २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात होरपळलेली ही वास्तू. साहजिकच दक्षिण मुंबईतील बंदोबस्त अतिशय कडक होता. अध्यक्ष मणिभवनाला भेट देणार म्हणून तेथील झाडांवरचे नारळही उतरवले गेले होते. न जाणो, एखादा पाहुण्यांच्या डोक्यात पडायचा! गावाकडच्या माणसाला याचे हसू येईल, पण त्यात चूक काहीच नाही. मात्र नारळापर्यंत विचार करणाऱ्या व्यवस्थेलाही दोरीमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाने शेवटचा घास केव्हा खाल्ला, हे ठाऊक असणे शक्य नसते. ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह. त्यांनी सकाळची गोळी चहाबरोबर घेतली होती आणि न्याहारी गेटवेपाशी बसून करायची, असे ठरले होते. कुलाब्याच्या दिशेने चालत असताना यजमान मुलांना घेऊन पुढे गेले. दशम्यांची पिशवी त्यांच्याच खांद्यावर. तेवढ्यात आमच्या दोघींसमोर दोरी आली. पुढचा रस्ता बंद. ते पलीकडे, आम्ही अलीकडे. आजूबाजूची दुकाने बंद होती आणि मागेही गर्दी साचली होती. अर्ध्या तासाने सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. मला वाटले, ऊन लागले. मी पाणी दिले. मग त्या माझ्या नावाऐवजी नणंदेचे नाव घेऊ लागल्या, हात थरथरू लागला, आणि उगाचच चिडून त्या म्हणाल्या, "मला घरी जायचंय." एरवी त्या कधी चिडत नाहीत. तरीही माझ्या लक्षात आले नाही. आले ते बंदोबस्तावरच्या एका महिला शिपायाच्या. "आजींना शुगर आहे का?" तिने विचारले आणि स्वतःसाठी आणलेली ग्लुकोजच्या पाण्याची बाटली पुढे केली. तिच्याही वडिलांना हाच आजार होता.

वाचकहो, हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे, की रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे आणि गर्दीत कंटाळल्याची लक्षणे एकमेकांसारखीच दिसतात. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळलेले बोलणे. गर्दीत उभे असलेले कोणते माणूस चिडत नाही? म्हणूनच मधुमेहाचा माणूस सोबत असेल, तर आधी साखरेचा विचार करावा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, की हा धोका विशेष असतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल पण लक्षणे तशी असतील, तर चहाचे तीन चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. फरक नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. दिवाळीच्या दिवसांत हाताशी करंजी, लाडू असतात, पण तुपामुळे त्यांतली साखर रक्तात उशिरा पोहोचते. ते नंतर. बरे वाटल्यावर पोळी-भाजीसारखे काही पोटात जायलाच हवे, कारण गोळीचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट १०८ क्रमांकाला फोन करावा.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक काळजी आहे. सातपुड्याच्या परिसरातील भिल्ल, पावरा अशा आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. या आजारात शरीरातील पाणी कमी झाले किंवा फार दमणूक झाली, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. आता हे पाहा: रस्ते बंद, स्वच्छतागृह कुठे ते माहीत नाही, म्हणून आई मुलीला सांगते, "पाणी कमी पी गं." आईचे म्हणणे व्यवहाराचे असते, पण सिकलसेलच्या मुलीसाठी तेच घातक ठरू शकते. अशा मुलांना थोडे थोडे पाणी सतत द्यावे, डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सीयुरिया प्रवासात चुकवू नये, ताप, छातीत दुखणे किंवा धाप यांतले काही दिसले तर वाट पाहत बसू नये. नुसते वाहक असणाऱ्यांना सहसा एवढा त्रास होत नाही.

वाट न पाहणे म्हणजे काय, हे चंदिगडच्या एका दुःखद घटनेने दाखवले आहे. ३ नोव्हेंबर २००९ रोजी पंतप्रधान तेथील पीजीआय संस्थेत आले असताना मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला बंदोबस्तामुळे वेळेवर आत जाता आले नाही आणि तो दगावला, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार होती. पंतप्रधानांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्या दिवशी दाराशी नेमके काय बोलणे झाले असेल, ते आपण बाहेरून सांगू शकत नाही. पण दोरीपाशी उभे असताना आपली माणसे फार भिडस्त होतात, हे मी पाहिले आहे. "साहेब, जाऊ द्या ना," एवढेच पुटपुटतात. त्याऐवजी स्पष्ट बोला: रुग्ण कोण, आजार कोणता, आत्ता काय होते आहे आणि कुठे न्यायचे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. समोरचा शिपाई ऐकत नसेल तर त्याच्या वरिष्ठाला बोलवायला सांगा.

म्हणून चिठ्ठी, औषधे आणि साखर ही सामानाच्या पिशवीत नकोत. ज्याची त्याच्या अंगावर हवीत. इन्सुलिनवर औषधाच्या दुकानाचे लेबल राहू द्या, म्हणजे तपासणीत प्रश्न वाढत नाहीत. पेसमेकर असलेल्यांनी आपले कार्ड दाखवावे. तपासणीच्या चौकटीतून न रेंगाळता चालत जाण्यास सहसा हरकत नसते, मात्र हातातले यंत्र छातीशी धरून ठेवू नये, असे नम्रपणे सांगावे. लहान मुलांच्या खिशात दोन मोबाइल क्रमांकांची चिठ्ठी घाला. आमची मुले त्या दिवशी वडिलांसोबत होती म्हणून निभावले.

दोरी सुटायला पाऊण तास लागला. गेटवे त्या खेपेस राहिलाच. सासूबाईंनी तो पाहिला पुढे तीन वर्षांनी. टॅक्सीतून उतरल्यावर त्यांनी आधी कमरेची चंची चाचपून ग्लुकोजची पुडी जागेवर आहे ना ते पाहिले, मग समुद्राकडे न बघता चौकातल्या पोलिसाला विचारले, "आज कोणी यायचं नाही ना, दादा?"