तज्ज्ञ कोणाला म्हणावे?

‘तज्ज्ञ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वर्तमानपत्रात ‘तज्ज्ञांच्या मते’ असे वाचले की पुढचे वाक्य आपण मुकाट्याने मान्य करतो. हे तज्ज्ञ कोण, त्यांना कोणी निवडले, आणि ज्यांना निवडले नाही ते कोण, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी तर त्यात पडूच नये असा संकेत आहे. शास्त्राचा विषय निघाला की आम्ही भूगोलाच्या चार मुलांकडे बोट दाखवून मोकळे होतो. गेल्या वर्षी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मी उल्हास नदीतील जलपर्णी हा विषय घेतला, आणि त्या निमित्ताने ह्या प्रश्नापाशी येऊन थांबले. उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

कल्याणकरांना जलपर्णीची ओळख करून द्यायला नको. पाऊस सरला की मोहने-आंबिवलीच्या बाजूला उल्हासच्या पात्रावर ती अशी पसरते की ही नदी आहे की कुरण, असा प्रश्न पडावा. जांभळी फुले दिसायला मोहक. पण खाली पाण्याला ना ऊन मिळते ना पुरेसा प्राणवायू. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेची म्हणून ती जगभर नेली गेली आणि जेथे सांडपाणी मिळाले तेथे सुखाने नांदू लागली. आता गंमत पाहा. २०२३ साली जर्मनीतील बॉन शहरी परक्या आक्रमक जीवजातींविषयीचा एक मोठा जागतिक अहवाल संमत झाला. माणसाने आजवर सदतीस हजारांहून अधिक जीवजाती परक्या प्रदेशांत नेऊन सोडल्या, त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी ठरल्या, आणि त्यांच्यापायी जगाचे वर्षाला ४२,३०० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान होते, असे तो अहवाल सांगतो. जगात सर्वांत अधिक ठिकाणी पसरलेल्या आक्रमक जातींत त्याने पहिला क्रमांक दिला आहे तो आपल्या ह्याच जलपर्णीला! दुसरी घाणेरी, जी येऊरच्या जंगलात आणि मलंगगडाच्या वाटेवर आपण सर्वांनी पाहिली आहे. तिसरा काळा उंदीर. त्याच्याविषयी न बोललेलेच बरे.

हा अहवाल ज्या संस्थेचा, तिचे नाव लांबलचक आहे : जैवविविधता व परिसंस्था-सेवा यांविषयीचा आंतरसरकारी विज्ञान-धोरण मंच. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘इप्बेस’ म्हणतात. २०१२ साली पनामा सिटी येथे तिची स्थापना झाली. सचिवालय बॉनला आहे आणि भारतासह दीडशेच्या आसपास देश तिचे सभासद आहेत. हवामानबदलासंबंधी जे काम १९८८ पासून ‘आयपीसीसी’ करीत आली आहे, तेच जीवसृष्टीबाबत इप्बेसने करावे अशी कल्पना. ही संस्था स्वतः संशोधन करीत नाही. जगभर झालेले संशोधन गोळा करावे, पारखावे, त्यातून निःसंशय काय आणि संशयित काय हे वेगळे काढावे आणि सरकारांपुढे मांडावे, एवढेच तिचे काम. पॅरिस येथे २०१९ साली संमत झालेल्या तिच्या पहिल्या जागतिक अहवालासाठी ५० देशांतील १४५ तज्ज्ञांनी तीन वर्षे खपून सुमारे पंधरा हजार ग्रंथ, निबंध व कागदपत्रे धुंडाळली. जगातील दहा लाख जीवजाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत हे आपण भाषणांतून वारंवार ऐकतो, तो अंदाज ह्याच अहवालातला.

मग हे १४५ कोण? त्यांना कोणी बोलावले? निवडीची रीत अशी. कोणत्या विषयावर अहवाल हवा हे आधी सभासद सरकारांची महासभा ठरविते. मग सचिवालय नावे मागविते. नावे दोन वाटांनी येतात. एक, सरकारांकडून; दुसरी, विद्यापीठे, संशोधनसंस्था, निसर्ग-अभ्यासक मंडळे यांच्याकडून. इच्छुकाने आपली माहिती द्यायची, कोणत्या प्रकरणासाठी काम करू इच्छितो ते सांगायचे. पण कोणीतरी नाव सुचविल्याखेरीज लेखक होता येत नाही. ह्या नावांतून निवड करते ती पंचवीस जणांची एक बहुविद्याशाखीय समिती. जगाच्या पाच विभागांतून प्रत्येकी पाच जण. सरकारांखेरीज इतरांनी सुचविलेल्यांचे प्रमाण वीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. निवड झालेल्यांत कोणी सहअध्यक्ष, कोणी समन्वयक लेखक, कोणी प्रमुख लेखक, तर आलेल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर मिळाले की नाही हे पाहणारे कोणी परीक्षण-संपादक. विशेष म्हणजे ह्या कामाचे मानधन नाही. विकसनशील देशांतील लेखकांचा प्रवासखर्च तेवढा मिळतो. बाकी नोकरी सांभाळून, रात्री जागून तीन-तीन वर्षे लिहायचे. शिवाय आपले हितसंबंध कोठे गुंतले आहेत काय, हे आरंभीच लिहून द्यावे लागते.

समितीने केवळ विद्वत्ता पाहायची नसते. प्रदेशांचा समतोल, स्त्री-पुरुषांचा समतोल, निसर्गशास्त्रे आणि सामाजिक शास्त्रे यांचा समतोल, असे कितीतरी तराजू तिच्या हाती दिलेले आहेत. ते नेहमीच समतोल राहतात असे मात्र नाही. एखाद्या प्रदेशातून किंवा विषयातून पुरेशी नावे आलीच नाहीत, म्हणून उणीव भरून काढण्यासाठी पुन्हा नावे मागविण्याची पाळी सचिवालयावर आलेली आहे. आरंभीच्या अहवालांत निसर्गशास्त्रज्ञांचा भरणा आणि समाजशास्त्र, इतिहास, भाषा यांचे अभ्यासक मोजके, अशीच स्थिती होती. येथे कोणी विचारील, ‘शास्त्रीय सत्य एकच असते ना? मग ते कोण सांगतो याने काय बिघडते?’

काय बिघडते ते पाहायला बॉनला जायला नको. आपल्या मुरबाड-शहापूरच्या पूर्वेला उभा असलेला सह्याद्री पुरे आहे. २०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी १४ जणांची तज्ज्ञसमिती नेमली. अध्यक्ष होते पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. ऑगस्ट २०११ मध्ये समितीने अहवाल दिला. संपूर्ण घाट संवेदनशील मानावा, त्याच्या तीन प्रती कराव्यात, आणि अखेरचा निर्णय ग्रामसभांपासून वर यावा, असे तिचे म्हणणे. अनेक राज्यांतून विरोध झाला आणि २०१२ साली अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट आला. त्याने दूरसंवेदनावर भर देऊन घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग पाडले व सुमारे ३७ टक्के, म्हणजे साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र संवेदनशील धरावे असे २०१३ मध्ये सुचविले. गाडगीळांनी ह्यावर उघड पत्र लिहून तीव्र नापसंती व्यक्त केली. दोघेही थोर शास्त्रज्ञ. डोंगर तेच, नद्या त्याच. पण एकाने गावाकडून वर पाहिले, दुसऱ्याने आकाशातून खाली. आणि उत्तरे निराळी आली. कोणाचे बरोबर हा वाद मी येथे करीत नाही. प्रश्न कोणाला विचारला यावर उत्तराचा आकार ठरतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता जरा ठाण्याच्या खाडीकडे या. २०१५ साली येथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पक्षी मोजणारे तज्ज्ञ ह्या खाडीला लाभले आहेत, हे आपले भाग्यच. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची निसर्ग-इतिहास संस्था हाकेच्या अंतरावर आहे. पण खाडी म्हणजे केवळ पक्षी नव्हेत. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीचे आजोबा चेंदणी कोळीवाड्यातले. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांत बोईट कसे निराळे वागते, निवटी कोणत्या चिखलात राहते आणि कोणता चिखल तिने सोडला, चिंबोरी कोणत्या तिवरांच्या मुळाशी सापडायची, जिताडा दिसेनासा कधी झाला, हे ते बोटांवर मोजून सांगतात. साठ वर्षांची ही नोंद आहे. फक्त ती कागदावर नाही. आजोबांची शाळा चौथीत सुटली. इप्बेसचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला तर ‘प्रकाशित निबंध’ ह्या रकान्यात ते काय लिहिणार?

इप्बेसने ह्या प्रश्नाकडे पाठ फिरविली आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदिवासींचे आणि स्थानिक लोकांचे ज्ञान विचारात घ्यावे हे तिच्या तत्त्वांतच आहे. अहवाल तयार होताना अशा जाणकारांशी संवादबैठका घेतल्या जातात. तरीही लेखकांपुढे जे येते ते मुख्यतः छापलेले, आणि त्यातही बहुतांशी इंग्रजीत. म्हणजे चेंदणीचा चिखल बॉनला पोहोचायचा तर मध्ये कोणीतरी ऐकणारा, लिहिणारा आणि भाषांतर करणारा हवा. हे काम कोणाचे? माझ्या मते ते आपले आहे. मुलाखत कशी घ्यावी हे समाजशास्त्र शिकविते; जुनी दप्तरे कशी वाचावीत हे इतिहास शिकवितो; ‘भांग’ आणि ‘उधाण’ ह्या शब्दांमागचा अनुभव कसा जपावा हे मराठीचा तास शिकवितो. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता पाखरांची मराठी आणि लोकभाषांतील नावे जमवून ‘पक्षिकोश’ रचला. ते काम साहित्याचे म्हणायचे की शास्त्राचे?

शिवाय दार अगदीच बंद नाही. अहवालाचे मसुदे जगातील अभ्यासकांना परीक्षणासाठी खुले केले जातात. विषयाची जाण असणाऱ्या कोणालाही नाव नोंदवून ते वाचता येतात, अभिप्राय देता येतो, आणि लेखकांना प्रत्येक अभिप्रायाची दखल घ्यावी लागते. त्यासाठी सरकारी शिफारस लागत नाही. नवोदित संशोधकांना लेखकांबरोबर उमेदवारी करण्याचीही सोय आहे. आमच्या प्राध्यापकवर्गाने ह्या गोष्टींकडे लक्ष द्यावे अशी माझी नम्र विनंती आहे. एखाद्या महाविद्यालयाने नाव सुचविलेच नाही, तर ते यादीत का नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

पण त्याहून जवळची एक जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांनी, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे ठरविले आहे. झाडे, मासे, पिके यांच्या नोंदींबरोबरच गावातील वैदू आणि जाणकार माणसांची यादी करण्याचीही त्या नोंदवहीत तरतूद आहे. म्हणजेच ती तज्ज्ञांची निवडच झाली. फरक इतकाच की येथे निवड करणारे आपण आहोत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आहेत, आणि त्यांच्या हद्दीत नदी, खाडी, डोंगर, कोळीवाडे, आगरी वस्त्या आणि आदिवासी पाडे सारे काही आहे.

येत्या सत्रात आपल्या समाजशास्त्र व मराठी विभागांनी मिळून एक साधी वही घालावी, असे मला सुचवायचे आहे. उल्हासकाठच्या आणि खाडीकाठच्या पन्नास जुन्या माणसांना भेटावे. जलपर्णी पहिल्यांदा कधी पाहिली, त्याआधी त्या पाण्यात काय होते, हे विचारावे. त्यांच्याच शब्दांत, तारीखवार उतरून घ्यावे आणि त्याची एक प्रत पालिकेच्या समितीकडे द्यावी. चेंदणीचे आजोबा आज ऐंशीच्या घरात आहेत. बॉनचे लेखक पुढच्या अहवालासाठी पुन्हा नेमले जातील. आजोबांच्या जागी मात्र दुसरे नाव सुचविता येणार नाही.